काकांनी बियाणं माझ्या ढिगातून घेतलं

आज कामरेजजवळच्या शेतावरून डिंडोलीला घरी परत आले, ती वाटभर हसतच. तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझे काका तिथे दुसऱ्याच्या जमिनीत भागाने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, शेती करतात. हिवाळ्यात धने घेतात आणि युरिया सढळ हाताने टाकतात. झाडं उंच, हिरवीगार होतात, मग आडवी पडतात आणि दाणा भरत नाही.

मी घरातली पहिली पदवीधर, तीही कृषीची. गेल्या वर्षी मी तोऱ्यात म्हणाले, "नुसतं शेणखत घाला." काकांनी एक वाफा दिला. तो शेवटपर्यंत पिवळाच राहिला. काका सगळ्यांना सांगत सुटले, "आमच्या मॅडमनी धने उपाशी ठेवले!"

यंदा तोच वाफा पुन्हा मागितला. काका म्हणाले, "ही शेवटची वेळ." पेरणीआधी चांगलं कुजलेलं शेणखत घातलं आणि युरिया नेहमीच्या निम्माच, तोही दोनदा विभागून दिला.

आज मळणी झाली. माझ्या वाफ्याचा ढीग वेगळा ठेवला होता. काकांनी त्यातले दाणे तळहातावर चोळले, वास घेतला.

आमच्याकडे पुढच्या वर्षाचं बियाणं मळणीच्या दिवशीच, सगळ्यांत चांगल्या मालातून काढून ठेवतात. काका कापडी पिशवी घेऊन आले आणि माझ्याच ढिगापाशी बसले.

मी विचारलं, "काका, तुमच्या ढिगातलं नाही घेत?"

"पिशवी धर वं नीट, मॅडम. सांडतंय."

पदवी हातात आली तेव्हाही मला एवढं भारी वाटलं नव्हतं.

तुमचं शिक्षण तुमच्या घरात पहिल्यांदा कुणी, कसं मानलं?