वत्सलाच्या जागेवरचं जाळं

हे मी आजपर्यंत कुणाला बोललो नाही. बायकोला नाही, पोरांना नाही. देवळात एकटा बसलो तेव्हा देवालाही नाही — त्याला ठाऊक असणारच, पण माझ्या तोंडून नाही. तुम्ही माझे कोण? कुणी नाही. म्हणूनच जमतंय बहुतेक. शाळा माझी दुसरीपर्यंत. जोडाक्षर आलं की पेन थांबतं. नातू बोलला, आजोबा तुम्ही सांगा, मी लिहितो. नको. हे दुसऱ्याच्या हाताने लिहायचं नाही.

आणि एक आधीच सांगून टाकतो. ते तीन दिवस आठवले की आजही माझी छाती धडधडते — आनंदाने. लाज मागाहून येते. आधी आनंदच येतो. खोटं कशाला बोलू?

आमचं गाव कोपरच्या पुढे, खाडीकाठी. आम्ही कोळी. तेव्हा गावाला ग्रामपंचायत होती. नव्वद सालानंतर बायकांसाठी जागा राखून ठेवायला लागले, आणि माझ्या वॉर्डातली जागा — जिच्यासाठी मी दोनदा उभा राहिलेलो आणि दोनदा पडलेलो — ती बायकांची झाली. चार दिवस मी घरात कुणाशी बोललो नाही. पाचव्या दिवशी चांगुणा, माझी बायको, भाकरी थापता थापता बोलली, मग मी उभी राहते. मी मोठ्याने हसलो. शेजारची वत्सला ताट घेऊन दारात उभी होती, ती हसली नाही. मला बोलली, "भाऊजी, तुम्ही दोनदा पडलात, आता तिला एकदा तरी पडू द्या की."

ही वत्सला. नवरा लवकर गेला, दोन मुली पदरात. खाडीत आमच्याकडे प्रत्येक घराची जाळं लावायची जागा ठरलेली असते, बापाकडून मुलाकडे येते, शेतासारखी. वत्सलाने नवऱ्यामागे त्याची जागा स्वतः चालवली. बाई होडीत उभी राहून जाळं ओढते, हे बघायला बाहेरगावची माणसं बांधावर थांबायची. तिची जागा माझ्या जागेला लागून, पण तिवरांच्या वळणाआड. माझी बांधावरून सरळ दिसते, तिची दिसत नाही — हे लक्षात असू द्या.

चांगुणाचा प्रचार वत्सलानेच केला. चांगुणाला चार माणसांत बोलायची लाज. ही तिला तिवरांत घेऊन जायची आणि चिखलातल्या खेकड्यांपुढे भाषण करायला लावायची. गावातल्या बाया पोट धरून हसायच्या. पण चांगुणा निवडून आली! ज्या वॉर्डात मी पडायचो, त्याच वॉर्डातून. गुलाल माझ्याच अंगावर जास्त पडलेला, कारण मीच सगळ्यांच्या पुढे नाचत होतो. मला वाटत होतं मीच आलोय निवडून.

मेंबर झाल्यावर तिने पहिलं काम काय केलं? खाडी बंद केली. मोठ्या दर्यावर पावसाळ्यात कुणी जात नाही, नारळी पुनवेला नारळ दिला की मगच होड्या सुटतात. पण खाडीत लोक आषाढातही जाळी लावायला लागलेले. आणि आषाढात मासळीच्या पोटात गाभोळी असते — अंडी हो, अंडी. ती चुलीवर गेली तर पुढच्या साली खाडीत उरणार काय? कारखान्यांच्या पाण्याने आधीच अर्धी मासळी नेलेली. चांगुणाने गावकीला बसवून ठरवून घेतलं — पुनवेपर्यंत खाडीत जाळं नाही. मोडेल त्याची जागा जाईल. आणि गावचा जुना नियम होताच, की ज्याच्या जागेवर जाळं लागलेलं दिसेल त्यानेच जाब द्यायचा, कारण त्या जागेची राखण त्याची.

त्या बैठकीत हात वर करणारा पहिला मी.

मग तालुक्यावरून कागद आला. निवडून आलेल्या बायकांचं तीन दिवसांचं शिबिर, घोडबंदर रोडला एका आंब्याच्या वाडीत. तेव्हा त्या रोडला झाडंच झाडं, अंधार पडला की रिक्षावाला यायला तयार नसे. चांगुणा कधी एक रात्र घराबाहेर राहिली नव्हती. आणि माझी आई अंथरुणाला खिळलेली, बोलणंही गेलेलं, तिचं करायचं कुणी? वत्सला बोलली, मी करते, तू जा. वत्सलालाही जाता आलं असतं, बचत गटाच्या बायकांना बोलावणं होतं. ती आमच्या म्हातारीसाठी राहिली.

चांगुणाची पिशवी मी उचलली. आयुष्यात पहिल्यांदा. वाडीच्या फाटकावर कापडी फलक — आनंद, चांगला कारभार आणि खूप दिवस टिकेल असा विकास, असं काहीतरी. मी अक्षर अक्षर लावून वाचलं आणि मला हसू आलं. आनंदाचं शिबिर? आनंद काय शिकवायची गोष्ट आहे? पण आत डोकावलो आणि पाय निघेनात. चाळीसेक बायका. शहापूरच्या, मुरबाडच्या, आमच्यासारख्या खाडीकाठच्या. एक तर तान्हं पोर घेऊन आलेली. शिबिर घेणाऱ्या ताईंनी सगळ्यांना गोल बसवलं आणि विचारलं, सांगा, तुम्ही शेवटच्या खूश कधी होतात? कुणाला आठवेना! एकमेकींकडे बघून हसायला लागल्या, हसता हसता दोघी रडल्या. मी खिडकीत. माझ्याही डोळ्यांत — जाऊ द्या.

तेवढ्यात जेवणाची वेळ झाली. पंगत बसली. वरण-भात आणि वाटाण्याची उसळ.

तुम्ही कोळी नसाल तर तुम्हाला कळायचं नाही. माझी बायको मेंबर, खाडीचं पाणी वाडीच्या मागे चमकतंय, आणि तालुक्याच्या बायका तिच्या पंगतीला बसून उसळ खातायत? मुरबाडची एक जण चांगुणाला चिडवत होती, काय गं कोळणी, तुझ्या राज्यात आम्ही वाटाणे खायचे? चांगुणा हसली. मला ते टोचलं. मी स्वयंपाकवाल्या बाईला सांगितलं, उद्या संध्याकाळी चूल मला द्या, मासळी मी आणतो. आणि मोठ्या ऐटीत घरी आलो.

बाजारातून आणता आली असती. ठाण्याला बर्फातली मिळत होतीच. पण बर्फातली मासळी मी वाढू? मी?

दुसऱ्या दिवशी उजाडता वत्सला आली. दार मी उघडलं. तिने आईला कूस बदलून दिली, चूल पेटवली, मला चहा दिला. मी बोललो, बाजारात जातो. ती बोलली, एवढ्या सकाळी? मी बोललो, ताजी लवकर संपते. ती चुलीकडे वळली. मी बाहेर पडलो आणि मागच्या बाजूने होडीकडे गेलो. दुकानातलं नवं नायलॉनचं जाळं होतं, गावात कुणी बघितलेलं नव्हतं. आणि लावलं कुठे? माझी जागा बांधावरून दिसते. वत्सलाची दिसत नाही.

काय बोय मिळाली त्या सकाळी! दोन महिने विसावलेली खाडी — जाळं वर येईना. एकेक बोय हातभर, पोटं टम्म. मी एकटाच होडीत उभा राहून हसत होतो. तिथेच कळायला हवं होतं की ही पोटं कशाने भरलीत. कळत होतं. आजवर हजारदा चिरलेली मासळी मला काय कळत नाही?

टोपली घेऊन दुपारी वाडीत पोचलो. मागच्या पडवीत चिरायला बसलो. पहिलीच बोय उघडली आणि पिवळी गाभोळी माझ्या तळहातावर आली. आणि त्याच वेळी आतून चांगुणाचा आवाज. ती उभी राहून बोलत होती! खेकड्यांपुढे बोलायची तशी, मोकळी. बोलली, आमचा आनंद म्हणजे नारळी पूनव. त्या दिवशी खाडी भरलेली असते, कारण दोन महिने तिला आम्ही बाळंतपणाची रजा देतो. सगळ्या हसल्या. मग बोलली, "ही रजा मोडणारा माझ्या घरातला निघाला, तरी मी सोडायची नाही." अशा टाळ्या पडल्या, काय सांगू. मीसुद्धा टाळी वाजवायला हात उचलले. हातात गाभोळी होती.

तेव्हा थांबता आलं असतं ना? टोपली खाडीत ओतून बोलायचं, बाजारात मिळाली नाही. मी काय केलं? सगळी गाभोळी वेगळी काढली, निम्मी मातीत पुरली, निम्मी तव्यावर भाजून तिथेच खाल्ली. आणि कालवण एवढं तिखट केलं की ताजी की बर्फातली, जिभेला कळू नये. चांगुणा कोळीण आहे. पहिला घास घेऊन तिने माझ्याकडे बघितलं. "बाजारातली?" मी बोललो, हो. तिने मान हलवली आणि आणखी रस्सा मागितला. मासळीबाबत मी खोटं बोलेन असं तिच्या मनातही आलं नाही. त्या रात्री चाळीस बायका बोटं चाटत होत्या, मुरबाडवाली बोलली, मेंबरबाई, तुमचा नवरा पंचायतीला द्या. माझ्या आयुष्यात असा मान मला कधी मिळाला नव्हता. मी तरंगत होतो हो, तरंगत!

घाईत जाळं बांधायला रोवलेले दोन बांबू वत्सलाच्या जागेवर राहिले. जाळ्याचा एक तुकडाही.

चौथ्या दिवशी चांगुणा परत आली ती थेट बैठकीतच बसली. शिबिरातली वही मांडीवर. शिबिराच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ते बांबू सापडले, आदल्या संध्याकाळी तिथे काही नव्हतं, म्हणून गाव तापलेलं. वत्सला उभी राहिली. बोलली, जागा माझी, बांबू माझ्या जागेवर, खरं आहे. पण मी लावलं नाही. त्या सकाळी मी उजाडल्यापासून ह्यांच्या घरी होते, म्हातारीपाशी. "विचारा भाऊजींना."

सगळी माणसं माझ्याकडे वळली. चांगुणापण. तिच्या तोंडावर मला सुटका दिसत होती — तिला वाटलं आता मी हो बोलणार आणि तिची मैत्रीण सुटणार. घरात अंथरुणावर माझी आई, जिला दिसलं होतं पण जिला बोलता येत नव्हतं. उरलो मी.

इतका वेळ मी तुम्हाला जाळ्याचं सांगत होतो. जाळं काय, चूक होती. नियम मोडला, हाव होती, मिजास होती. पण मला लिहायचं होतं ते हे. मी बोललो, "मी पहाटेच बाजारात गेलेलो. ही कधी आली, आली की नाही, मला माहीत नाय."

आणि तेवढ्यावर थांबलो का? नाही. वर बोललो, नियम तो नियम, मेंबरच्या मैत्रिणीला वेगळा कसा?

वत्सलाने माझ्याकडे बघितलं. फार नाही, खोकला येऊन जायला लागतो तेवढाच वेळ. आणि खाली बसली. तिला कळलं होतं. एवढ्या सकाळी बाजार, गावात कुणी न बघितलेलं जाळं, सगळं तिने जोडलं असणार. एक शब्द बोलली असती तर चांगुणाची मेंबरकी त्याच चटईवर संपली असती. ती का बोलली नाही, ते ती जाणे. मी विचारलं नाही कधी.

चांगुणाने रडत रडत निकाल दिला. वत्सलाची जागा काढून घेतली. आमच्या रिवाजाने ती लगतच्या दोन घरांत वाटली गेली. लगतचं एक घर माझं. त्या पुनवेला नारळ दिला आणि मी त्या वळणाआड जाळं लावलं. पुढे बारा वर्षं लावलं. पोरांची लग्नं त्या मासळीवर केली. वत्सला डोक्यावर सुकटीची पाटी घेऊन डोंबिवलीत दारोदार फिरायला लागली. चांगुणाच्या दारातून जाताना ती मान खाली घालायची, आणि चांगुणा आत निघून जायची. दोघी पुन्हा बोलल्या नाहीत.

चांगुणा मोठी झाली. तिला शिबिरांना बोलवायला लागले, शिकवायला. ठाण्याला, कल्याणला, एकदा कोलशेतला. दर वेळी ती हीच गोष्ट सांगायची — चांगला कारभार म्हणजे काय? मी माझ्या जिवाच्या मैत्रिणीलाही सोडलं नाही. आवाज भरून यायचा तिचा. बायका टाळ्या वाजवायच्या. मी मागच्या रांगेत, तिची पिशवी मांडीवर घेऊन. मीही वाजवायचो. सगळ्यांत शेवटपर्यंत वाजवायचो.

दोन वर्षांपूर्वी चांगुणा गेली. ती गोष्ट खरी समजूनच गेली.

वत्सला आहे. गुडघे गेलेत, ओट्यावर बसून असते. तिच्या मुली मला काका बोलतात. रविवारी गावकी बसणार आहे, शाळेच्या पडवीत. तुमच्यासाठी लिहिलेला हाच कागद मी तिथेही वाचणार, नातवाकडून नाही, स्वतः, बोट ठेवून. वेळ लागेल. वाचून झाल्यावर मी उठून जाणार नाही. ज्याला जे बोलायचं ते त्याने माझ्या तोंडावर बोलावं. वत्सला त्या सकाळी उजाडल्यापासून माझ्या घरात होती. मी पाहिली होती.