मुंगीबाईंचा राजीनामा

माझी बायको मुंग्यांवर संशोधन करते. विद्यार्थी पाठीमागे तिला मुंगीबाई म्हणतात आणि तिला ते ठाऊक आहे. विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात तिची बावीस वर्षं गेली. माझं चष्म्याचं दुकान आहे, त्यामुळे तिच्या कामातलं मला फारसं कळत नाही. पण माणूस चिडलंय हे कळायला पदवी लागत नाही, आणि आठ वर्षं आमच्या घरात एक चिडलेलं माणूस राहत होतं.

आठ वर्षांपूर्वी ती प्राध्यापकपदासाठी पात्र झाली. पहिल्या मुलाखतीत समितीने सांगितलं, एक शोधनिबंध कमी पडतोय. तिने दोन वर्षांत चार लिहिले. दुसऱ्या खेपेला नियमच बदलले होते. आता निबंध नकोत, मोठा प्रकल्प आणलेला हवा. तिने प्रकल्प आणला. तिसऱ्या खेपेला बोट ठेवायला जागा नव्हती, तरी पद गेलं तिच्याहून नऊ वर्षांनी धाकट्या सहकाऱ्याकडे. चिमट्यात मुंगी कशी धरायची हे त्याला हिनेच शिकवलं होतं. निकालाच्या दिवशी तो तिच्या खोलीत येऊन म्हणाला, "मॅडम, हे सगळं तुमच्यामुळेच."

"खरंय," ती म्हणाली, "तेच तर दुखतंय."

त्या संध्याकाळी घरी येऊन तिने भांडी घासायला घेतली. घासून ठेवलेलीच भांडी. मी दारात उभा राहून म्हणालो, "जाऊ दे गं." हे मी आठ वर्षं म्हणत आलो होतो.

तीन महिन्यांनी एका दुपारी ती दुकानात आली. गिऱ्हाईक नव्हतं. नंबर काढायला माणसांना बसवतो त्या खुर्चीत ती बसली आणि फोन माझ्यापुढे धरला. "वाच."

समुद्रापलीकडच्या एका विद्यापीठाचं पत्र होतं. मला न सांगता तिने अर्ज केला होता. पद सहयोगी प्राध्यापकाचंच, म्हणजे आत्ता होतं तेच. पाच वर्षांचा करार, पुढचं काम बघून.

"म्हणजे बढती तिथेही नाहीच," मी म्हणालो.

"नाही. पण त्यांनी मला आठ वर्षं झुलवलेलं नाही."

मग मी विचारू नये ते विचारलं. "आणि दुकानाचं काय?"

ती आवाज न चढवता म्हणाली, "चौदा वर्षांपूर्वी मला वर्षभराची फेलोशिप मिळाली होती. तू तेव्हा हे दुकान उघडत होतास. मी नाही म्हणून कळवलं. तेव्हा घरात कुणी विचारलं का रे, मुंग्यांचं काय?"

तेवढ्यात एक गृहस्थ चष्म्याची निखळलेली काडी हातात घेऊन आत आले. मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याची लाज वाटली. मी त्यांच्या चष्म्यात स्क्रू बसवत असताना ती निघून गेली.

पुढचे पाच आठवडे घरात एकच विषय. सकाळी ती म्हणायची जाते, संध्याकाळी म्हणायची नाही जात. वय एकोणपन्नास. पाच वर्षांनी करार संपला तर चोपन्नाव्या वर्षी दारोदार कोण हिंडणार? लेक अकरावीत. मी म्हणालो, बारावी होईपर्यंत तरी थांब. लेकीने ते ऐकलं आणि पुस्तक आपटून बाहेर आली. "माझं नाव पुढे करून थांबू नकोस हं, आई. पुढे जन्मभर माझ्यावर चिडशील. आणि बाबा, तुम्हाला नको असेल तर तसं सांगा ना."

लेक खरं तेच बोलत होती. बायको पाचला घरी येते, बिलं, डॉक्टर, शाळेच्या मीटिंगा सगळं तिच्याकडे, यावर माझा संसार बेतलेला होता. तिची बढती अडली याचं मला वाईट वाटायचं, पण त्याने माझं काही अडत नव्हतं.

शेवटी मी तिला म्हणालो, "रागाच्या भरात काही ठरवू नकोस. राग उतरू दे."

"राग उतरला तर मी थांबेन," ती म्हणाली. "त्याचीच तर भीती वाटते."

परतीची वाट मोकळी राहावी म्हणून तिने पाच वर्षांची बिनपगारी रजा मागितली. चौथ्या दिवशी उत्तर आलं. आठ वर्षांत त्या कचेरीतून इतक्या झटपट काहीच आलं नव्हतं. 'विभागाच्या हितास्तव रजा नाकारण्यात येत आहे.' सही विभागप्रमुखांची.

ती तडक आस्थापना विभागात गेली आणि आपली फाइल मागितली. तिथल्या कारकूनबाई वर्षभरात निवृत्त व्हायच्या होत्या. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, फाइल टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "मी चहा घेऊन येते. मला वीस मिनिटं लागतात."

फाइलमध्ये विभागप्रमुखांनी दुसऱ्या समितीला पाठवलेलं टिपण होतं. प्रयोगशाळा, परीक्षांचं वेळापत्रक आणि वसतिगृह समिती ही कामं बाईंकडे आहेत. पदोन्नती दिल्यास ती सोपवायला दुसरी व्यक्ती उपलब्ध नाही. सबब तूर्त विचार करू नये. तिसऱ्या समितीला तेच टिपण, फक्त तारीख बदललेली. म्हणजे नियम बदलले, प्रकल्प हवा, हे सगळं वरवरचं होतं. ती चोख काम करते, हाच तिचा गुन्हा होता.

पुढचं तिने मला घरी सांगितलं, सांगताना दोनदा उठून येरझाऱ्या घातल्या. फाइल तशीच हातात घेऊन ती विभागप्रमुखांच्या खोलीत शिरली होती. ते आधी गोरेमोरे झाले, मग हसले. "मॅडम, असं काय करता? तुम्ही तर विभागाचा कणा आहात."

"म्हणूनच सगळे माझ्या पाठीवर बसलेत, सर."

"पुढच्या समितीत तुमचं नक्की. माझा शब्द."

"शब्द नको. लिहून द्या."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं आणि म्हणाले, असं लिहून देता येत नाही, तुम्हाला नियम माहीत आहेत. तिने तिथेच उभ्याउभ्या त्यांच्याच टेबलावरचा कोरा कागद ओढून राजीनामा लिहिला.

नोकरी सोडताना मुंग्यांचा संग्रह विभागाच्या ताब्यात द्यायचा होता. चौसष्ट कप्पे, टाचणीवर लावलेल्या अकरा हजारांवर मुंग्या, बहुतेक सगळ्या तिने स्वतः गोळा केलेल्या. विभागप्रमुख म्हणाले, "औपचारिकता आहे, मी एकदम सही करून टाकतो."

"नाही सर. नियम आहेत. एकेक कप्पा बघून."

तिसऱ्या दिवशी मी तिची पुस्तकं न्यायला गेलो तेव्हा चव्वेचाळिसावा कप्पा चालू होता. नवे प्राध्यापक, म्हणजे तोच तिचा धाकटा सहकारी, नोंदवही वाचत होते, विभागप्रमुख हातात भिंग घेऊन टिचभर चिठ्ठ्या पडताळत होते आणि प्रत्येक ओळीपुढे सही करत होते. एका मुंगीची चिठ्ठी गळून पडली होती. बायकोने तारीख तोंडपाठ सांगितली, आणि ती खोडाच्या कुठल्या बाजूला सापडली तेही. नवे प्राध्यापक मान खाली घालून लिहीत होते.

"मॅडम, पुरे ना आता?" विभागप्रमुख डोळे चोळत म्हणाले. "तीन दिवस झाले."

"मी आठ वर्षं थांबले, सर. पंचेचाळीस."

मला वाटलं, आता तिला जरा बरं वाटेल. कुठलं काय! गाडीत बसल्यावर तिने दार असं आपटलं की काच हलली. "शेवटपर्यंत 'चुकलं' म्हणाला नाही तो माणूस." आणि मग त्या कप्प्यांसाठी ती रडली. मी गाडी सुरूच केली नाही. म्हणालो, "माझं चुकलं. चौदा वर्षांपूर्वीही, आणि त्या दिवशी दुकानातही." ती नाक पुसत म्हणाली, "माहितेय मला. चल आता, भूक लागलीये."

तिला तिकडे जाऊन दीड वर्ष झालं. तिथे वरिष्ठ म्हणून तिच्यावर तिच्यापेक्षा सोळा वर्षांनी लहान बाई आहे, ती हिची वाक्यं दुरुस्त करते, आणि त्यावरून दर रविवारी फोनवर आग पाखडली जाते. पहिल्याच महिन्यात एका बैठकीत कुणीतरी गोड बोलून परीक्षांचं वेळापत्रक हिच्या गळ्यात घालायला निघालं होतं. ती म्हणते, या वेळी 'नाही' स्पष्ट म्हटलं गेलं. कराराचं पुढे काय होईल ते तिलाही ठाऊक नाही.

लेक बारावी झाली, सुट्टीत आईकडे जाणार आहे. मीही यावं असं बायकोचं म्हणणं. शाळा उघडायच्या ऐन हंगामात दोन आठवडे शटर कसं ओढू, असं माझं. काल यावरून फोनवर कडाक्याचं भांडण झालं. आज सकाळी मी दोन तिकिटं काढली.