मुलाण्याची सुरी

गुरुजी महिनाभर मागं लागलेत, "आवं मुलाणीभाई, गावाच्या पुस्तकात तुमीबी लिवा की!" चौथीत शाळा सोडलेला माणूस मी, काय कप्पाळ लिहिणार? त्यात जत्रेच्या पंचांचे किस्से. एकाला हात घातला की दहा बाहेर पडतात, आणि सगळे काही हसायचे नसतात. घ्या आता. चुका काढू नका!

*

कुंडलजवळ आमचं गाव. जत्रेत बकरं कुणाचंही असो, सुरी मुलाण्याची. माझ्या बापानं बिस्मिल्ला म्हटल्याशिवाय पाटलाच्या घरीसुद्धा घास उतरत नसे. एकदा ऐन जत्रेत बापाला ताप भरला. पंचांनी खाटेसकट उचलून देवळापुढं आणला! बाप म्हणाला, "जित्तेपनीच खांदा दिलासा व्हय रं!"

*

पंचांत एक जैनाचे आप्पा. जत्रेची पहिली वर्गणी त्यांची. पण बकरी पडायच्या दिवशी वाटेत बाप दिसला की म्हणायचे, "मुलाणी, आज मी तुला वळखत न्हाई. उद्या चा प्यायला ये!"

*

मोहरमात आमच्या पिराचा पंजा धरायचा ज्ञानू मोरे. मिलिटरीतनं पेन्शनीत आलेला, पंच, माझा जोडीदार. पंजाला निरोप देताना आमच्यापेक्षा तोच जास्त रडायचा. आई म्हणायची, "ज्ञानू, आमालाबी थोडं रडू दे रं!"

*

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि नवा सरपंच आला. त्या जत्रेला बाप धुतलेला सदरा घालून, सुरी फडक्यात गुंडाळून सकाळपासून देवळापुढं उभा. ढोल वाजला. बकरं आलं. दुसऱ्यानंच कापलं. मग दुसरं, मग तिसरं. बापाला कुणी 'ये' म्हणालं नाही, कुणी 'जा' म्हणालं नाही. उन्हं उतरल्यावर तो आपणच घरी आला. सुरी पुन्हा कधी हातात धरली नाही.

*

दुसऱ्या दिवशी बापानं सरपंचाला गाठलं.

सरपंच म्हणाला, "देव आमचा, सुरी तुमची कशाला? आमी येतो का तुमच्या धर्मात लुडबुडाय?"

बाप म्हणाला, "येतासा की! पंजा कोन धरतंय?"

पण सुरी काही परत आली नाही.

*

आता शेवटचा. मुलाण्याला बोलवायचं नाही, हा ठराव जत्रेच्या आदल्या दिवशीच झाला होता. सगळ्या पंचांनी माना हलवल्या. त्या बैठकीतनं उठून एक पंच सरळ आमच्याकडं चहाला आला. बाप अंगणात उद्याच्या सदऱ्याला नीळ घालत होता. हा कपातला चहा संपेपर्यंत बघत बसला. उठताना म्हणाला, "चाचा, सदरा लय पांढरा निघाला बगा!"

अजून जिवंत आहे तो. अजून माफी मागितली नाही.

ज्ञानू मोरे.