रुखवतातला चांदबिबीचा महाल

केडगावच्या छगनला नादिष्ट म्हणणाऱ्यांत त्याची बायको पहिली होती. एसटीच्या वर्कशॉपात सीटा शिवून घरी आला की हा गडी रिकामी खोकी मांडून बसायचा. औषधांची खोकी, लग्नपत्रिकांचे पुठ्ठे, नारळाच्या करवंट्या, काही म्हणून टाकू द्यायचा नाही. त्यातून भुईकोट किल्ल्याचा दरवाजा झाला, शिर्डीचं मंदिर झालं आणि सगळं माळ्यावर गेलं. "भंगारवाल्याच्या पोटावर पाय देताय तुमी," बायको म्हणायची. मग ती गेली, आणि घरात असं बोलणारं कुणी उरलं नाही.

पोरीचं, ज्ञानेश्वरीचं लग्न ठरलं तेव्हा बहीण बनुबाई म्हणाली, "रुखवत इकत आनू, दादा. तयार मिळतंय आता." रुखवत म्हणजे खरं तर नवरीच्या आईच्या हातचं. ते मांडवात सासरच्यांपुढं मांडायचं आणि मग पोरीबरोबर पाठवायचं. आई नाही म्हणून विकतचं? छगनला ते झोंबलं. "मी करतो," म्हणाला.

त्यानं नगरजवळच्या डोंगरावरचा चांदबिबीचा महाल करायला घेतला. पोर लहान असताना सायकलवर पुढं बसवून तिला तो किती वेळा दाखवला होता! आठ बाजू, तीन मजले, कमानीच कमानी. पुठ्ठ्याला मैद्याची खळ फासून वर वाळवलेला चहाचा चोथा चिकटवला, तर भिंती थेट दगडी दिसायला लागल्या. घरातला चोथा पुरेना, तेव्हा शेजारणीही आणून द्यायला लागल्या.

लग्नात रुखवतापुढं ही गर्दी! छगन बाजूला उभा राहून उगाच टोपी सारखी करत होता. तेवढ्यात मुलाकडचे एक निवृत्त गुरुजी वाकले आणि चष्मा सावरत म्हणाले, "अहो, हा महाल नव्हे. सलाबतखानाची कबर आहे ही. शुभकार्यात कबर मांडलीत?"

छगनच्या पायाखालची जमीनच सरकली. आतली थडगी त्यानं स्वतः पाहिली होती की! पण अख्खं नगर महाल म्हणतं, तसा तोही म्हणत आला होता. आपल्या हौसेपायी आता बिनआईच्या पोरीला सासरी जन्मभर ऐकावं लागणार! बनुबाईनं घाईघाईनं महालावर टॉवेल टाकला.

तो टॉवेल ओढून काढला नवरदेवाच्या आईनं. घोडेगावची विजयमाला, आवाज असा की बाजारातली म्हैस जागच्या जागी थांबावी.

"झाकता कशापायी?"

गुरुजींनी कारण सांगितलं. ती हसलीच.

"मला ठावं हाय. माझं लगीन झालं तवा घर मानसांनी भरल्यालं, ह्यांच्याशी बोलायची सोय न्हाई. दवाखान्यात जातो म्हनून ह्यांनी मला तिथं नेलं. कमानीत बसून आमी पयल्यांदा पोटभर बोललो. माझा संसार तिथनं सुरू झालाय, गुर्जी. कबर आसंल न्हाईतर महाल!"

गुरुजी जेवणाच्या पंगतीकडं वळले. छगनला एवढं हायसं वाटलं की तो मिळेल त्या खुर्चीत मटकन बसला.

पाठवणीच्या वेळी रुखवत टेम्पोत चढायला लागलं.

"महाल टेम्पोत नगं, दबंल," विजयमालानं गाडीतून हात पुढं केले. "द्या हिकडं, इवाई."

तिनं तो मांडीवर घेतला, आणि शेजारी रडणाऱ्या सुनेचं डोकं आपल्या खांद्यावर टेकवलं. गाडी निघाली तसा छगन पोटभर रडला, पण जिवाला घोर असा उरला नव्हता.