गावानं मोटारी लपवल्या तेव्हा

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून ठेवते. पण महिनाभर माझ्या गिरणीत बसा आणि मग बोला. लोहारा तालुक्यातल्या आमच्या गावात माझी पिठाची गिरणी आहे. त्या वेळी लाइट यायची ती नावाला. बल्ब मिणमिणायचा, गिरणीची मोटार नुसतीच हूं करून बसायची, आणि दारात ज्वारीच्या डब्यांची रांग. एकदा मोटार जळाली, आतली तार नव्यानं भरून आणली, पुन्हा जळाली. मग बायका डबे घेऊन जीपनं लोहाऱ्याला दळायला जाऊ लागल्या. जीप जायची ती माझ्याच दारावरून. आतली एकही बाई माझ्याकडं बघायची नाही. असंच चाललं असतं तर गिरणीला कुलूप ठरलेलं होतं.

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे अब्बांना, त्याचं काही वाटत असेल असं मला कधी वाटलं नाही. सुनेनं गिरणी चालवावी हेच त्यांना नापसंत. शेताकडं जाताना गिरणीसमोर आले की मान फिरवायचे. संध्याकाळी मी पिठानं माखून घरी गेले की म्हणायचे, "आली पिठाची गोणी."

अशात बातमी आली, की आमच्या भागात नवं सबस्टेशन होणार. वीज कंपनीचे साहेब गावोगाव फिरून शेतातल्या पाण्याच्या मोटारी मोजणार, आणि जिथं गरज जास्त तिथं ते उभं राहणार. मी खूश! आमच्या गावात मोटारींना काय तोटा?

पण अब्बांनी जुम्म्याच्या नमाजानंतर मशिदीच्या पायरीवर वेगळंच गणित मांडलं. "साहेब मोटारी मोजतोय ते काय आहेर करायला? आज मोजतील, उद्या बिलं धाडतील. लपवा!" संध्याकाळी मारुतीच्या पारावर तीच मसलत. एरवी पाण्याच्या पाळीवरून डोकी फोडणारं गाव त्या दिवशी एकदिलाचं झालं. स्टार्टर भुशाच्या पोत्यात, मोटारी कडब्याच्या गंजीत. एकानं तर मोटार पाळण्यात घालून वर दुपटं पांघरलं.

साहेबांनी भर उन्हात शिवार पालथं घातलं आणि दुपारी सगळ्यांना ग्रामपंचायतीत बोलावलं. तरुण होते, घामानं निथळत होते. म्हणाले, "ऊस तर हिरवागार दिसतोय, मोटार मात्र एकाकडंही नाही. पाणी काय तांब्यानं घालता?"

सगळे आपापल्या चपला बघत बसले.

मग त्यांनी सरळच सांगितलं. "मी वसुलीला आलेलो नाही. माळावरच्या पवनचक्क्यांची वीज मोठ्या तारांनी तुमच्या डोक्यावरून निघून जाते. हायवेनं यष्टी पळते, पण थांबाच नसला तर तुम्ही चढणार कुठं? सबस्टेशन म्हणजे तो थांबा. जितका जवळ, तितकी लाइट दमदार. पुढं कुठं किती वीज लागेल ते बघून आज तारा ओढाव्या लागतात. ओढ्यापलीकडच्या गावानं भरपूर मोटारी लिहून दिल्यात. सबस्टेशन तिकडं जाईल."

माझ्या डोळ्यांपुढं ती जीप दिसायला लागली. भर सभेत सासऱ्यांपुढं बोलायची आमच्यात रीत नाही, पण रीतीवर गिरणी थोडीच फिरते! मी ताडकन उठले.

"आमच्या घरच्या दोन मोटारी लिहा, साहेब. एक विहिरीवरची, एक बोरवरची. दोन्ही आत्ता कडब्यात झोपल्यात."

लोक खो-खो हसले. अब्बांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी पदर सावरून मुकाट खाली बसले. म्हटलं, आता घरी काय वाढून ठेवलंय कुणास ठाऊक.

अब्बा सावकाश उठले. "साहेब, एक इचारतो. ह्या तारांचा, सबस्टेशनचा खर्च कोण देणार?"

"सगळेच, चाचा. सगळ्यांच्या बिलात थोडा थोडा, वर्षानुवर्षं."

"म्हंजे थांबा त्यांच्या गावात, आन तिकिटाचे पैसे आमी बी द्यायचे?"

"व्हय," साहेबांच्या तोंडातही आता आमचीच बोली आली.

अब्बांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली. "मग लिहा. दोन न्हाय, तीन. एक वढ्यात हाय. सुनेला ठाव न्हाय."

मी कपाळाला हात लावला. या अल्ला, तिसरीही होती! पण अब्बांनी कबूल केलं आणि गावाचं तोंड जे सुटलं! "माझ्या दोन!" "माझी बी एक लिहा, पाळण्यातली!" लिहिता लिहिता साहेबांचा हात दुखायला लागला.

मग ते म्हणाले, "आता पुढच्या दहा वर्षांचं सांगा. गावात आणखी काय काय येईल?"

इथं पुढच्या हंगामात सोयाबीन पेरायचं का तूर हे ठरत नाही, तिथं दहा वर्षांचं कोण सांगणार? बोलले ते अब्बाच.

"गिरणीत अजून एक मोटार लिहा. मिरची कांडायचं मशीन येणार हाय."

"कुणाच्या गिरणीत, चाचा?"

"माझ्या सुनेच्या. लई दिसांपास्नं मनात हाय तिच्या."

मिरची कांडायच्या मशीनचं मी आयुष्यात एकदाच बोलले होते. चुलीपुढं, भाकरी थापताना, सासूबाईंजवळ. अब्बा तेव्हा अंगणात तोंड धूत होते. त्यांनी ते ऐकलं होतं, आणि ध्यानात ठेवलं होतं. मला भर सभेत रडू फुटलं. पदर तोंडात कोंबला तरी थांबेना.

सबस्टेशन आमच्या शिवारात झालं. लगेच नाही, तारा आणि खांब यायला चांगलीच वाट बघावी लागली. आता गिरणी एका दमात फिरते, आणि जीपमधल्या बायका डबे घेऊन माझ्याच दारात उतरतात. बिल आलं की अब्बा ते मला वाचायला लावतात. त्यात 'वहन आकार' अशी एक ओळ असते, म्हणजे तारांनी वीज आणायचा खर्च. तिथं आले की म्हणतात, "ह्ये आपल्या थांब्याचं तिकीट. लई महाग हाय." आणि भरून टाकतात.

मिरचीचं मशीनही आलं. अब्बा आता मान फिरवून जात नाहीत. गिरणीच्या दारात खुर्ची टाकून बसतात, मिरचीच्या खाटानं सटासट शिंकतात, आणि डोळे पुसत येईल त्या गिऱ्हाइकाला सांगतात, "ह्ये मशीन म्या लिवून घेतलंय, दहा वर्सं आधी." दहा कुठली, निम्मीसुद्धा झाली नसतील. पण मी मधे बोलत नाही.