आत्याच्या दातांतली खिडकी

आमच्या गावच्या फाट्यावर आत्या उभी असली की एसटीला हात दाखवावा लागत नसे. ती एक शिट्टी मारायची आणि ड्रायव्हरचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. बोटं तोंडात घालून टवाळ पोरं मारतात तसली ती शिट्टी नव्हती. आत्याच्या वरच्या दोन पुढच्या दातांमध्ये चांगली ऐसपैस फट होती. तिथे जीभ टेकवून ती नुसती हवा सोडायची, आणि शिरपूरच्या रस्त्यावर जो असेल तो मागे वळून पाहायचा. एक लांब शिट्टी म्हणजे थांब, दोन आखूड म्हणजे चल. कंडक्टरच्या घंटीचाच हा हिशेब, पण ड्रायव्हर लोकांना आत्याची घंटी जास्त भरवशाची वाटायची.

त्या फटीला ती खिडकी म्हणायची. "लोकाईच्या घराले खिडक्या असतात, माह्या तोंडाले हाये." तिचं सासर आमच्याच गावात. हाकेच्या अंतरावर म्हणायची पद्धत आहे, पण आमच्याकडे हाक कोणी मारतच नसे. लग्न होऊन ती नवीन नवीन सासरी गेली तेव्हा सासूने बजावलं होतं, बाईच्या जातीने शिट्टी मारू नये. दोनच दिवसांनी त्यांच्या तुरीत माकडांची टोळी उतरली. सासूने डबा बडवला, खडे मारले, शिव्या दिल्या. माकडं शेंगा सोलत तिच्याकडे बघत बसली. शेवटी सासूच म्हणाली, "मार वं माय, मार एकडाव!" त्या दिवसापासून घरात हा विषय पुन्हा निघाला नाही.

माझे दात मात्र आजोबांवर गेलेले, म्हणजे सगळे पुढे. मी दारातून आत येण्याआधी माझे दात आत येतात, असं वर्गातली पोरं म्हणत. मी नववीत गेले तेव्हा बाबांनी ठरवलं की पोरीला तारा लावायच्या. वाशीमच्या दातांच्या दवाखान्यात अकोल्याहून महिन्यातून एकदा तारांचा डॉक्टर येतो, त्याच्याकडे. मी जेवण सोडलं, अंथरूण धरलं. गावात तोवर कोणाच्याच तोंडात तार नव्हती. आमच्याकडे तार असते ती शेताला. डुकरं येऊ नयेत म्हणून कुंपणाला तार ओढतात आणि तिला झटका मशीन जोडतात. शाळेतले मला काय नाव ठेवणार हे मला आधीच ठाऊक होतं.

आत्या आली, माझ्या उशाशी बसली. "रडून कायले राह्यली वं पोट्टे? तारच लावाची हाये, तोंड थोडी शिवून राह्यले? चाल, मी बी लावतो. दोघी लोखंडाच्या दिसू." बाबा हसले. आत्याची गंमत असेल असं सगळ्यांनी धरलं. पण डॉक्टरांच्या दिवशी पन्नाशीला टेकलेली ही बाई नवं लुगडं नेसून माझ्याआधी फाट्यावर हजर होती, आणि दवाखान्यात माझ्याआधी खुर्चीत जाऊन बसली.

"काकू, तुम्हाला काय त्रास आहे?" डॉक्टरांनी विचारलं. तो बिचारा नवा, कोवळा पोरगा होता.

"मले कायचा तरास? पोट्टीले सोबत आली."

"सोबत आलेल्यांनी बाहेर बसायचं असतं."

"तार तिच्या तोंडात अन् मी भायेर? हे कोनती सोबत, बाबू?"

डॉक्टरांनी मग तिच्या तोंडात दिवा टाकला, आरसा फिरवला. दात, हिरड्या सगळं टणटणीत निघालं. "तार लावता येईल," ते म्हणाले, "पण ही मधली फट बंद होईल बरं का. दात सरकून एकमेकांना चिकटतील." आत्याने जीभ फटीवरून एकदा फिरवली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी दाराशी ओढणीने डोळे पुसत उभी होते. "बुजव बाप्पा," ती म्हणाली, "तशीबी लय हवा येते."

दातांचा साचा घ्यायला त्यांनी आमच्या तोंडात गुलाबी लगदा भरला. मी ओकायच्या बेतात आले. आत्याने साचा निघाल्यावर चूळ भरली आणि मत दिलं, "बेसन कच्चं हाये. अन् मीठ इसरला तू." परत येताना बसमध्ये मी हळूच विचारलं, "आत्या, शिट्टीचं काय?" ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "दुसरीकून काहाडीन." दुसरीकून म्हणजे कुठून, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

तारा लागल्या आणि दुसऱ्याच दिवशी शाळेत माझं नाव झटका मशीन पडलं. आत्याला कळलं. शाळा सुटायच्या वेळी ती फाटकाशी उभी, आणि ओठ मागे ओढून अख्ख्या शाळेला दात दाखवत होती. "या रे, हात लावून पाहा करंट लागते का!" पोरं लांबूनच बघत होती. आमच्या वर्गातला सगळ्यात आगाऊ पोरगा तेवढा पुढे झाला आणि त्याने खरंच बोट लावलं. आत्या "झ्झ्झ्झ" करून अशी थरथरली की तो चप्पल तिथेच टाकून पळाला. चप्पल आत्यानेच त्याच्या घरी पोहोचवली. त्यानंतर मला कोणी नाव ठेवलं नाही. उलट दोन पोरींनी घरी तारांसाठी हट्ट धरला.

पथ्य सांभाळणं हा आत्याचा प्रांत नव्हता. डॉक्टरांनी कडक काही खायचं नाही म्हणून सांगितलेलं. आता आमच्या भागातला माणूस रोडगा सोडून जगेल कसा? निखाऱ्यावर भाजलेला तो कणकेचा गोळा दगडानेही फुटणार नाही. आत्या तो वरणात इतका वेळ बुडवून ठेवायची की शेवटी पिऊन टाकावा लागायचा. "दात हायेत तरी बोळकं झालं माहं," असं म्हणत ती तो प्यायची. एकदा मात्र तिच्या दातावर चिकटवलेली, जिच्यातून तार ओवतात ती बारकी पट्टी निघून आली. "काय खाल्लं, काकू?" डॉक्टरांनी विचारलं. "वरनभात," आत्या डोळ्यात डोळे घालून म्हणाली. डॉक्टरांनी चिमट्याने तिच्या तारेतून मक्याच्या कणसाचे चार केस ओढून काढले आणि तिच्यासमोर धरले. "तांदुळात असन," आत्या म्हणाली.

पण खिडकी मिटत चालली होती. आधी शिट्टी बारीक झाली, मग फाटली. मग कुकरचं रबर गेल्यावर येतो तसा नुसता फुसफुस आवाज यायला लागला. तिच्या शेळ्या शिट्टीवर घरी यायच्या, त्या आता नाल्याकाठी निवांत चरत राहायच्या आणि आत्या हातात काठी घेऊन त्यांच्यामागे धावायची. फाट्यावर एसटी तिच्यासमोरून निघून गेली तेव्हा ती बराच वेळ रस्त्याकडे बघत होती. मला म्हणाली, "डायवर नवा असन." ड्रायव्हर जुनाच होता, मी पाहिला होता.

मग चौदा एप्रिलची जयंती आली. दरवर्षी विहारापुढून मिरवणूक निघायची ती आत्याच्या शिट्टीवर. मुलींचं लेझीम पथक तिच्या इशाऱ्याने सुरू व्हायचं, वळायचं, थांबायचं. त्या महिन्यात तिने दातांवर खास निळे रबर लावून घेतले होते. मुली लेझीम उचलून उभ्या, ढोलावर टिपरू तयार, सगळं गाव आत्याच्या तोंडाकडे बघतंय. तिने जीभ टेकवली, छाती भरून हवा घेतली आणि सोडली. काहीच आलं नाही. पुढच्या रांगेतल्या पोरीच्या तोंडावर थोडी थुंकी उडाली, तेवढंच. कोणीतरी हसलं. कोणीतरी दुकानातून प्लास्टिकची शिट्टी आणून दिली. आत्याने ती घेतली, वाजवली आणि शेवटपर्यंत नेट धरून वाजवली. वर ओठ ताणून सगळ्यांना सांगत होती, "शिट्टी जाऊ द्या, रबर पाहा कसे निळे हायेत!" मी रांगेत होते. माझ्या हातातलं लेझीम त्या दिवशी एकदाही तालात वाजलं नाही. ती माझ्यासाठी काय देऊन बसली हे मला तेव्हा उमगलं, आणि माझे दात सरळ होत असल्याचा मला भयंकर राग आला.

तारा निघाल्या तेव्हा मी अकरावीत होते. डॉक्टरांनी दोघींना एकेक प्लेट दिली, झोपताना घालायची. "ही घातली नाही तर दात हळूहळू जुन्या जागेवर जातात," ते म्हणाले. "आणि काकू, तुमची फट तर फार लवकर उघडेल. तुम्ही आळस करायचा नाही." आत्या खुर्चीत ताठ बसली. "लवकर म्हंजे किती लवकर, बाबू?" डॉक्टरांना वाटलं बाई घाबरली. त्यांनी तिला धीर दिला, प्लेट नीट घालाल तर काही होणार नाही म्हणाले. आत्याने मान डोलावली. इतक्या आज्ञाधारकपणे मान डोलावताना मी तिला जन्मात पाहिलं नव्हतं.

बाबा अधूनमधून विचारत, "प्लेट घालतेस ना गं?" "घालतो नं भाऊ," आत्या म्हणायची. घालायची ती शोकेसमध्ये, जावयाने दिलेल्या कपबशांशेजारी. मला मात्र रोज दटावायची, "तुही घातली का?" कधी तिच्या तुरीतून विचित्र फुर्र फुर्र आवाज यायचा. मी विचारलं तर म्हणायची, "चिमनी असन." एवढी मोठी चिमणी आमच्याकडे नाही, पण मी वाद घातला नाही. आमच्याशी बोलताना ती तोंडापुढे पदर धरायला लागली होती. जिने आयुष्यात पदर डोक्यावर टिकू दिला नाही, ती तोंडावर धरायला लागली.

बारावीनंतर मी अमरावतीला शिकायला निघाले. आई-बाबा फाट्यावर सोडायला आले. आत्या आली नाही. शेळ्या सुटल्या म्हणून निरोप पाठवला. मला फार वाईट वाटलं. बस आली, मी खिडकीशी बसले, कंडक्टरने दोनदा घंटी दिली, गाडीने वेग धरला. आणि मागून शिट्टी आली. एक, लांब. कानात गार वारा शिरावा तशी धारदार.

ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. पुढच्या बाकावरचा म्हातारा पिशवीसकट घसरला आणि म्हणाला, "अरे, शिट्टीबाई जिती हाये का?" आत्या रस्त्यावरून लुगडं खोचून धावत येत होती, हातात माझ्या प्लेटची निळी डबी. मी ती न्हाणीच्या कोनाड्यात विसरले होते. धापा टाकत तिने डबी खिडकीतून आत दिली आणि हसली. पदर नव्हता. मधली खिडकी सताड उघडी होती.

"आत्या! तुझी प्लेट?"

"शोकेसात हाये. माह्यापाई तू नको सोडजो, रोज घाल. तुले दात पाह्यजे, मले शिट्टी." मग तिने माझा गाल इतका जोरात ओढला की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते गालामुळेच आलं असं मी बरेच दिवस सगळ्यांना सांगत होते.

कंडक्टरचा हात घंटीच्या दोरीकडे गेला होता. त्याआधीच रस्त्यावरून दोन आखूड शिट्ट्या आल्या आणि ड्रायव्हरने गिअर टाकला. मी मागे वळून बघत राहिले. रात्री घालायची प्लेट मी भर दुपारी तोंडात घातली आणि वाशीम येईपर्यंत रडत होते.