टाकीत ओतलेलं ब्लीच
दोन हजारच्या दशकात ऑकलंडच्या ज्या प्रयोगशाळेत मी तंत्रज्ञ होते, तिथल्या प्रोफेसरांना वास सहन होत नसे. सूक्ष्मजीवांवर उभं आयुष्य काढलेल्या माणसाला! अँडीज पर्वतात, फार उंचावर असलेल्या एका खाऱ्या सरोवरातून त्यांनी चटईचे दोन तुकडे आणवले होते. चटई म्हणजे सूक्ष्मजीवांचा थरावर थर साचून झालेली जाड साय, वर हिरवी, खाली जांभळी. काचेच्या दोन टाक्यांत, खाऱ्या पाण्यात, दिव्याखाली ती मी जगवत होते. वास सडक्या अंड्यांचा.

अशा चटईत पांढरे, चुनखडीचे कण सापडतात. प्रोफेसरांचं मत ठाम होतं: पाणी आटतं आणि खनिज बसतं, जिवांचा त्यात काही हात नाही. मी एकदा शंका काढली.

"तू टाक्या सांभाळ," ते म्हणाले. "विचार मी करतो."

तेव्हा बाबा सहा महिन्यांसाठी मिरजेहून आमच्याकडे, ऑकलंडच्या माउंट रॉस्किल या उपनगरात आले होते. शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. एका शनिवारी त्यांना प्रयोगशाळा दाखवायला नेलं. टाकीपुढे वाकून ते म्हणाले, "अगं, हे बुडबुडे बघ. पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खातायत हे जीव. तो कमी झाला की पाण्यात विरघळलेला चुना खाली बसणारच की!"

पुढच्याच आठवड्यात कुणी बडे पाहुणे येणार होते. प्रोफेसरांनी सुपरमार्केटमधून ब्लीचची बाटली आणली आणि एका टाकीत स्वतःच्या हाताने रिकामी केली. दुसरी टाकी वाचली, कारण बाटली संपली. "हीप्स बेटर!" म्हणजे आता कितीतरी बरं, असं तिथल्या बोलीत म्हणून ते हात धुवायला गेले. हिरवी साय तासाभरात राखाडी झाली. मी वहीत लिहिलं: वास येतो म्हणून प्रोफेसरांनी ब्लीच ओतलं. मेलेली चटई तशीच ठेवून ती टाकी धुतली, पुन्हा तसलंच खारं पाणी भरलं आणि दोन्ही टाक्या शेजारी ठेवल्या.

तीन महिन्यांनी जिवंत चटईत पांढरे कण बोटांना रवाळ लागू लागले. मेलेलीत काही नाही, काचेच्या कडेला नुसतं मीठ.

विभागाच्या बैठकीत प्रोफेसर उभे राहिले. "तुलना करता यावी म्हणून एक टाकी मी मुद्दाम मारली होती."

माझे कान तापले. "वास येत होता म्हणून मारली," मी मागून म्हणाले आणि वही पुढे सरकवली.

विभागप्रमुख बाईंनी ती ओळ मोठ्याने वाचली. दोघं-तिघं हसले. प्रोफेसरांना लाज वाटली असती तर मलाही वाईट वाटलं असतं. ते म्हणाले, "उद्देश दोन्ही होते."

बाईंनी प्रयोग नीट, जास्त टाक्या लावून पुन्हा करायला लावला. तो मी केला. निकाल तोच आला. चुना जीवच बसवतात, असं सांगणारा शोधनिबंध प्रोफेसरांच्याच नावावर निघाला. शेवटी आभारात माझं आडनाव होतं, तेही चुकीचं. फोनवर ते ऐकून बाबा चिडले. मी मात्र तोवर एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी धरली होती.

पुढे प्रोफेसरांच्या एका व्याख्यानाला मी गेले. चटईचा मोठा फोटो दाखवून ते गहिवरून म्हणाले, "या जिवांनी मला ऐकायला शिकवलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पर्स उचलली आणि पहिल्याच बसने घरी आले.